कृत्रिम गुडघा व जंतुसंसर्ग : उपचारविचाराची वाटचाल

कृत्रिम गुडघा आणि त्यातील जंतुसंसर्ग ह्यांचा इतिहास जवळजवळ एकाच क्षणी सुरू होतो. इ. स. १८९० मध्ये बर्लिन येथे थेमिस्टोक्लिस ग्लुक ह्या शल्यवैद्याने क्षयाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीवजा सांधा बसविला. कल्पना धाडसी होती आणि प्रारंभीचा परिणामही आशादायक होता. परंतु ज्या सांध्यात मूळचाच रोग ठाण मांडून बसला होता, तेथे बसविलेला परका पदार्थ फार काळ टिकला नाही. जंतुग्रस्त सांध्यात असे रोपण करू नये, हा धडा ह्या अपयशातून मिळाला.

पुढे पेनिसिलिनचा उदय झाला. पू धरलेल्या जखमा औषधाने आटोक्यात येऊ लागल्या, तेव्हा हा धडा आता कालबाह्य झाला असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि इ. स. १९५७ मध्ये एलेक व कॉनेन ह्यांनी मानवी त्वचेवर केलेल्या प्रयोगांनी वेगळेच सत्य पुढे आणले. केवळ त्वचेत टोचल्यास पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जातीचे लक्षावधी जंतू लागत. परंतु त्याच ठिकाणी रेशमी धाग्याचा टाका असल्यास काही शेकडा जंतूही पुरत. एका टाक्याची ही कथा, तर गुडघ्यातील धातू, प्लॅस्टिक व सिमेंट ह्यांची काय असेल, हे सांगणे न लगे.

इ. स. १९७० नंतरच्या दशकात आधुनिक कृत्रिम गुडघा रूढ झाला व हा प्रश्न तीव्र बनला. प्रतिबंधाचा मार्ग तत्पूर्वीच इंग्लंडमध्ये जॉन चार्नली ह्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखविला होता : शस्त्रक्रियागृहातील हवाच शुद्ध करावयाची. इ. स. १९८२ मध्ये लिडवेल व त्यांचे सहकारी ह्यांनी खुबा व गुडघा ह्यांच्या ८,०५२ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात अतिशुद्ध हवेमुळे खोल संसर्गाचे प्रमाण शेकडा १·५ वरून ०·६ वर आल्याचे दिसून आले.

परंतु प्रतिबंध फसल्यावर काय करावे? हँबुर्ग येथे बुखहोल्त्स ह्यांनी हाडाच्या सिमेंटमध्येच जेंटामायसिन मिसळले व इ. स. १९७० मध्ये तो अनुभव प्रसिद्ध केला. सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता हे औषध सहन करते आणि पुढे ते सांध्याभोवती हळूहळू पाझरत राहते. दूषित सांधा काढून त्याच वेळी नवा बसविण्याची रीत हँबुर्गमध्ये ह्याच आधारावर वाढली. उलट न्यूयॉर्क येथे इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. १९८३ मध्ये ११ गुडघ्यांच्या अनुभवावरून दोन टप्प्यांची रीत मांडली : प्रथम सांधा व सिमेंट सर्वस्वी काढावयाचे, सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावयाची आणि नंतरच नवा सांधा बसवावयाचा. ह्या रीतीत खात्रीची अपेक्षा अधिक, पण मधले आठवडे रुग्णाला सांध्यावाचून काढावे लागतात व दुसऱ्या शस्त्रक्रियेचा भार सोसावा लागतो.

सांधा काढणे मुळात आवश्यक का ठरते, ह्याचा उलगडा कॉस्टरटन प्रभृतींच्या संशोधनाने झाला. इ. स. १९७८ पासून त्यांनी दाखविले की, पृष्ठभागाला चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करून वस्ती करतात. हे जैवपटल परिपक्व झाले की, आतील जंतूंची वाढ मंदावते आणि मोकळ्या जंतूंना मारणारी मात्रा त्यांना पुरेशी पडत नाही. म्हणूनच संसर्ग नुकताच झाला असून सांधा हाडात घट्ट असेल, तर तो राखून सभोवतालचा भाग धुऊन साफ करणे शक्य असते. जुन्या संसर्गात ही आशा फारशी उरत नाही.

ह्या भेदाला औषधोपचारातही आधार मिळाला. इ. स. १९९८ मध्ये त्सिमर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅफिलोकॉकसच्या अल्पकालीन संसर्गात, रोपण न काढता, सफाईनंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जोडीस रिफॅम्पिसिन दिले. उपचार पूर्ण करणारे रिफॅम्पिसिनच्या गटातील १२ पैकी १२ रुग्ण बरे झाले, दुसऱ्या गटातील १२ पैकी ७. मात्र रिफॅम्पिसिन एकटे दिल्यास जंतू त्याला त्वरित दाद देईनासे होतात, म्हणून जोडीचे औषध अपरिहार्य ठरते.

औषध किती काळ द्यावे, हा वादही अलीकडचाच. इ. स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत सहा आठवड्यांच्या उपचारानंतर शेकडा १८·१ रुग्णांत संसर्ग टिकून राहिला, तर बारा आठवड्यांनंतर शेकडा ९·४ रुग्णांत. उपचाराचा काळ आखडता घेण्याची घाई किती महाग पडू शकते, हे त्यावरून उघड होते.

ह्या सर्व वाटचालीचे तात्पर्य असे की, येथे औषधाच्या सामर्थ्याइतकेच जंतूंच्या आश्रयस्थानाला महत्त्व आहे. हा आश्रय मोडावयाचा की राखावयाचा, हा निर्णय संसर्गाचे वय, सांध्याची पकड व जंतूची जात पाहूनच घ्यावा लागतो. तो चुकला, तर प्रतिजैविके वाढवून दोष झाकता येत नाही, आणि त्याची किंमत अखेर रुग्णाच्या पायाला मोजावी लागते. ग्लुक ह्यांच्या हस्तिदंती सांध्याने दिलेला इशारा, परिभाषा बदलली तरी, आजही तोच आहे.