बंद लखोट्याची कुळकथा

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पारितोषिक-स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा निबंधावर लेखकाचे नाव न घालता एखादे बोधवाक्य घालावे, आणि तेच बोधवाक्य वर लिहिलेल्या मोहोरबंद लखोट्यात नाव स्वतंत्रपणे ठेवावे, अशी रीत रूढ झाली. निर्णय झाल्यावर केवळ पारितोषिकपात्र निबंधाचाच लखोटा उघडला जाई. आज ‘अनामिक परीक्षण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे, म्हणजे लेखक कोण हे परीक्षकास कळू न देता लेखनाची पारख करण्याच्या पद्धतीचे, एक मूळ या लखोट्यात सापडते.

या रीतीची खरी कसोटी १८१८ साली लागली. प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे अडथळ्याच्या कडेपाशी प्रकाशाचे वळणे व पसरणे, हा त्या वेळच्या स्पर्धेचा विषय होता आणि केवळ दोन निबंध आले होते. त्यांपैकी एक ऑगस्तँ फ्रेनेल या रस्ते-पूल खात्यातील तरुण अभियंत्याचा होता व त्यात प्रकाश हा तरंग आहे असे प्रतिपादन केलेले होते. उलट पाच परीक्षकांपैकी लाप्लास, बियो आणि प्वासाँ हे तिघे प्रकाश कणांचा बनलेला आहे असे मानणारे होते. फ्रेनेलचे गणित खरे मानल्यास गोल चकतीच्या छायेच्या नेमक्या मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे, असा निष्कर्ष प्वासाँने काढला आणि तो असंभाव्य वाटल्यामुळे सिद्धान्ताविरुद्धचा आक्षेप म्हणूनच मांडला. आरागो या चौथ्या परीक्षकाने सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवून प्रयोग केला, तेव्हा ठिपका दिसला, आणि १८१९ मध्ये पारितोषिक फ्रेनेलला मिळाले. आरागोने फ्रेनेलबरोबर आधी काम केलेले असल्याने या निबंधाचा लेखक त्याला अज्ञात नव्हता, हे खरे. तरीही विरोधी मताच्या परीक्षकांना आपला आक्षेप प्रयोगाने तपासता येईल अशा नेमक्या स्वरूपात मांडावा लागला आणि निकाल त्या प्रयोगाच्या बाजूने द्यावा लागला, हे या प्रसंगाचे मोठेपण नावाच्या गुप्ततेहूनही अधिक आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीत मात्र निबंध लेखकाच्या नावासह परीक्षकांकडे जात, आणि त्याची किंमत मुंबईतून आलेल्या एका निबंधाला मोजावी लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील छात्रांना मुंबईत शिकवणारा जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश शिक्षक होता. वायूचे रेणू सतत वेगाने फिरत असतात, त्यांच्या आघातांतून वायूचा दाब निर्माण होतो, आणि समान तापमानाच्या मिश्रणात निरनिराळ्या वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, असे त्याने १८४५ साली पाठवलेल्या निबंधात मांडले होते. एका परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक व संस्थेपुढे वाचण्यासही अयोग्य ठरवला. १८४६ मध्ये त्याचा केवळ सारांश छापला गेला. मूळ प्रत संस्थेच्या नियमानुसार परत मिळाली नाही आणि वॉटरस्टनने दुसरी ठेवलेली नव्हती. पुढे क्लाउसियस व मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञांनी रेणूंच्या गतीचा हाच विषय स्वतंत्रपणे उभा केला. १८८३ मध्ये वॉटरस्टन एडिंबरातून नाहीसा झाला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

संस्थेचा सचिव लॉर्ड रॅले याने १८९१ मध्ये ती प्रत दप्तरातून शोधून काढली आणि पुढल्या वर्षी स्वतःच्या प्रस्तावनेसह छापली. निबंध दडपला गेल्याने हा विषय दहा ते पंधरा वर्षे मागे पडला, असे त्याने त्यात नमूद केले. पण अपरिचित लेखकाने आपले धाडसी विचार अशा संस्थेकडे न आणता अन्य मार्गाने प्रसिद्ध करावेत आणि आधी मर्यादित कामातून नाव मिळवावे, असा सल्लाही दिला. हा सल्ला स्वीकारणे कठीण आहे, कारण त्यात दोष परीक्षेचा असताना भार परीक्षार्थीवर टाकलेला आहे. शिवाय रॅलेला स्वतःलाही उलट बाजूने हाच अनुभव आला होता: त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रानुसार, ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेकडे पाठवलेल्या त्याच्या एका निबंधावरचे नाव राहून गेले, तेव्हा समितीने तो विक्षिप्ताचा म्हणून नाकारला आणि लेखक कोण हे कळताच त्याच निबंधात तिला गुण दिसू लागले.

नाव झाकणे हा नियतकालिकांच्या परीक्षणाचा नियम विसाव्या शतकाच्या मध्यापासून होऊ लागला, आणि त्यात पुढाकार भौतिकशास्त्राचा नव्हे तर समाजशास्त्राचा होता. लेखक व परीक्षक दोघांचीही नावे परस्परांपासून लपवणाऱ्या या पद्धतीला ‘दुहेरी अनामिक परीक्षण’ म्हणतात. विषयाच्या वर्तुळात लेखन ओळखू येते, म्हणून ही पद्धत निरुपयोगी आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु वर्तुळात ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्याच संरक्षणासाठी ती आहे, ही गोष्ट या आक्षेपात निसटते. हबल अवकाश दुर्बिणीचा निरीक्षण-वेळ मागणाऱ्या प्रस्तावांची छाननी २०१८ मध्ये प्रथमच नावे झाकून झाली, तेव्हा स्त्रियांच्या नेतृत्वाखालील ८.७ टक्के व पुरुषांच्या नेतृत्वाखालील ८.० टक्के प्रस्ताव मंजूर झाले. त्याआधी वर्षानुवर्षे पुरुषांचे प्रमाण अधिक राहिलेले होते.