वृद्धाश्रमाची वही तपासली, खोली नाही
जालना शहराच्या पूर्वेला असलेली मस्तगडाची गढी 1725 मध्ये काबिलखानाने निजाम आसफजाहच्या हुकमावरून उभारली. चौकोनी तट, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि आत दालने असलेली मोठी विहीर अशी तिची रचना. पुढे याच गढीत नगरपालिकेची कचेरी आली. पाणी, दिवाबत्ती, साफसफाई, जन्ममृत्यूची नोंद ही या कचेरीची बांधील कामे झाली. निराधार म्हाताऱ्या माणसाच्या निवाऱ्याला त्या यादीत स्थान मिळाले नाही. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात निराधारांच्या गृहांचा उल्लेख आहे, पण तो ऐच्छिक कर्तव्यांत, बागा, वाचनालये आणि धर्मशाळांच्या सोबत. हा जालन्यापुरता अपवाद नव्हे. आपल्याकडे वृद्धाश्रमाशी संबंध येणारे जवळजवळ सगळे कायदे एकतर दात्याचा पैसा पाहतात किंवा मुलाची जबाबदारी. ज्या खोलीत म्हातारा माणूस प्रत्यक्ष दिवस काढतो, तिच्याकडे कायद्याने फारसे पाहिलेच नाही, आणि हे दीडशे वर्षांच्या सवयीतून आले आहे.

या सवयीचे मूळ दानधर्मात आहे. पुण्यात 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ पंगू गृह उभे राहिले, तेच आज ‘निवारा’ म्हणून ओळखले जाते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे निराधारांचा भार मठ, दर्गे, धर्मशाळा आणि इनामांच्या उत्पन्नावर असे. हैदराबाद संस्थानाने 1349 फसलीत, म्हणजे 1940 च्या सुमारास, धर्मादाय मालमत्तांसाठी नियम केले. त्यांचा रोख मालमत्ता कोणाच्या हाती आहे आणि उत्पन्न कुठे जाते, यावर होता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 इकडेही लागू झाला. त्याचेही लक्ष विश्वस्त, जमाखर्च आणि लेखापरीक्षणावरच. हे काम गरजेचे होते, कारण दानाचा पैसा खाणारे प्रत्येक काळात असतात. पण धर्मादाय आयुक्तांकडे जिचे हिशेब चोख आहेत, त्या संस्थेत रात्री पडलेल्या आजीला उचलायला कोणी असते का, हे त्या हिशेबातून कधी कळत नाही. 1963 पासून राज्य सरकारने स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देणे सुरू केले. पुरुषांसाठी 60 आणि स्त्रियांसाठी 55 ही वयाची अट ठेवली. अनुदानासोबत समाजकल्याण खात्याची तपासणी आली. ज्यांनी अनुदान मागितलेच नाही, त्यांच्या दारापर्यंत ती पोहोचण्याचे कारणच उरले नाही.

वेगळा मार्ग उपलब्ध नव्हता असे मात्र नाही. ब्रिटनने 1948 च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यात वृद्धांच्या निवासगृहांची नोंदणी सक्तीची केली. इकडे मुंबई सरकारने 1949 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा केला. आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा होते, ती जागा या कायद्याखाली येते. वृद्धाश्रम स्वतःला निवासाची जागा म्हणवतो, म्हणून तो सहसा यातून सुटतो. मग आत निम्मी माणसे अंथरुणाला खिळलेली असली तरीही. केंद्राने 1960 मध्ये अनाथालये आणि धर्मादाय गृहांवर देखरेखीचा कायदा केला, तो स्त्रिया आणि मुलांसाठी होता. म्हातारपण या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत राहून गेले.

मुलांच्या जबाबदारीचा धागा त्यामानाने ठळक आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईवडिलांचा पोटगीचा हक्क मान्य केला, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ने तो सर्वधर्मीयांना दिला, आणि 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने त्यासाठी उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण दिले. याच कायद्याचे कलम 19 प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम काढण्याची कल्पना मांडते, पण राज्यावर तसे बंधन घालत नाही. महाराष्ट्राने 1995 मध्येच 100 जणांच्या मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली होती, म्हणजे कल्पनेचा तुटवडा नव्हता. 2007 च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत वृद्धाश्रमात माणशी 7.5 चौरस मीटर झोपण्याची जागा सांगितली आहे, तीही सरकारने काढलेल्या आश्रमांसाठी. खासगी किंवा ट्रस्टच्या आश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे विधेयक 11 डिसेंबर 2019 रोजी लोकसभेत आले. ते 2024 मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. त्याच वर्षी गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना लिफ्ट, उतार आणि रुंद दरवाजांचे निकष घालून दिले. घर विकत घेऊ शकणाऱ्या म्हाताऱ्याला दरवाजाच्या रुंदीचे संरक्षण मिळाले; आश्रमात भरती होणाऱ्याला अजून नाही. हा फरक मला अन्यायाचा वाटतो.

आश्रमांच्या सक्तीच्या नोंदणीवर एक आक्षेप जुना आहे: आपल्या संस्कृतीत म्हाताऱ्यांची जागा घरात आहे, आश्रमांना कायदेशीर चौकट देणे म्हणजे त्यांना घराबाहेर काढायला मान्यता देणे. मराठवाड्याकडे पाहिले की हा युक्तिवाद टिकत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली कुटुंबे हंगामात ऊसतोडीला जातात आणि गावात म्हातारी माणसे मागे राहतात. त्यात मुलांचा निर्दयपणा नाही, कोरडवाहू शेतीचा हिशेब आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गावोगावी एखाद्या कुटुंबाने किंवा भजनी मंडळाने चालवलेले दहा-वीस जणांचे आश्रम कागदपत्रांच्या ओझ्याखाली बंद पडतील, आणि आतली माणसे रस्त्यावर येतील. ही भीती खरी आहे. म्हणून नोंदणी आधी आणि निकष टप्प्याटप्प्याने, असाच क्रम असायला हवा. पहिल्या वर्षी फक्त आश्रम कुठे आहे, किती जण राहतात, डॉक्टर किती दिवसांनी येतो, मृत्यू झाल्यास कोणाला कळवले जाते, इतकी नोंद पुरे. जिना, आग, शौचालय यांचे निकष नंतर, आणि ते पाळण्यासाठी सरकारी मदतीसह. लहान आश्रमाला वाचवायचे म्हणून सगळ्यांनाच नजरेआड ठेवण्यात लहानांचे हित नाही. एखाद्या फसव्या आश्रमाची बातमी येते, तेव्हा देणगीदार प्रामाणिक आश्रमांपासूनही हात आखडता घेतात.

विकलांग आणि काम करण्यास असमर्थ माणसांना साहाय्य हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतला विषय आहे. केरळने अनाथालय नियंत्रण मंडळामार्फत वृद्धाश्रमांची नोंदणी बसवून दाखवली आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने दिल्लीच्या नव्या विधेयकाची वाट न पाहता वृद्धाश्रम नोंदणीचा स्वतःचा कायदा करावा, आणि निराधार वृद्धांचा निवारा महापालिका-नगरपालिकांच्या ऐच्छिक कामांतून काढून आवश्यक कामांत घालावा.