पलटणीतले महाराज

कोल्हापूरचे शहाजी महाराज आमच्या आबांच्या बोलण्यात यायचे ते पलटणीतला माणूस म्हणून. छत्रपती ही पदवी नंतर. आबा मराठा पलटणीत शिपाई होते. खंडेनवमीला विळा-कोयता मांडून झाला की त्याशेजारी ते आपला टवके उडालेला पलटणीतला मग ठेवायचे, त्यालाही हळदकुंकू लावायचे आणि महाराजांचा विषय काढायचे. "राजा असून लढाईच्या मुलखात गेला गा त्यो!"

महाराज मूळचे देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार, जन्म १९१० चा. आई अक्कासाहेब म्हणजे राजर्षी शाहूंची लेक. १९३७ साली देवासची गादी मिळाली आणि दुसऱ्या महायुद्धात ते फौजेबरोबर मध्यपूर्वेत गेले. आबांच्या गोष्टीत तिथं कधी नुसतं वाळवंट असायचं, कधी डोंगर. श्रोते कोण आहेत त्यावर ते ठरायचं. पुढं महाराज मेजर जनरल झाले.

इकडे कोल्हापूरचे छत्रपती, अक्कासाहेबांचे भाऊ राजाराम महाराज १९४० साली वारले. दत्तक आलेले बाळमहाराजही १९४६ साली गेले. मग राजाराम महाराजांच्या राणी ताराराणींनी १९४७ मध्ये नणंदेच्या या मुलाला दत्तक घेतलं. आजीला याचं फार कौतुक : लेकीचा लेक आजोळच्या गादीवर आला. राज्य मात्र दोनच वर्षं लाभलं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

१९६२ साली महाराजांनी आपल्या नातवाला दत्तक घेतलं आणि कोल्हापूर पेटलं. राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांना डावललं, असं लोकांचं म्हणणं. आमच्या घरात आबा महाराजांच्या बाजूचे, आजी पद्माराजेंच्या. आबांनी तोंड उघडलं की ती म्हणायची, "ह्येंला आजोळची गादी चालती, मग राजाराम म्हाराजांच्या लेकीनं काय घोडं मारलंय?" त्या दिवसांत पांढरा रस्सा वाढतानाही ती बोलायची नाही, वाटी नुसती पुढं सरकवायची, असं आत्या सांगते. मला आजीचा प्रश्न अजूनही बिनतोड वाटतो.

महाराज १९८३ साली गेले. त्यांच्या न्यू पॅलेसमध्ये आज त्यांच्याच नावाचं म्युझियम आहे. बघायला जाल तेव्हा घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर न्या. पाट्यांवर न लिहिलेलं बरंच काही ते सांगेल.