हलता कॅमेरा, स्थिर चित्र

परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाची गर्दी असो की लग्नाची वरात, तिपाई रोवायला तिथे जागा नसते. कॅमेरा हातातच धरावा लागतो आणि चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाचा हिसका चित्रात उतरतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून, त्यांवर तीन ब्रशलेस मोटरी आणि एक जायरो सेन्सर बसवून कॅमेरा स्थिर धरणारे गिंबल घरच्या घरी तयार करण्याची खटपट याच अडचणीतून निघते. हा इंटरनेटच्या काळातला नवा छंद आहे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. पडद्यावरचे चित्र थरथरू नये म्हणून यंत्र स्वतः घडवण्याची महाराष्ट्रातली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा उगम कोल्हापुरात आहे.

कोल्हापुरातले बाबूराव मेस्त्री आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, म्हणून दोघांना ‘पेंटर’ हे नाव चिकटले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला. फाळक्यांनी त्यासाठी इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला होता; कोल्हापूरकरांनी कॅमेराच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. या कामातली खरी कसोटी लाकडी पेटी बनवण्यात नव्हती. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेतली जात. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत आकडा अडकून ती खाली ओढली जाई, क्षणभर थांबे, पुन्हा ओढली जाई. प्रत्येक चित्र भिंगामागे नेमके त्याच जागी थांबले पाहिजे. तिथे केसभर फरक पडला, तर पडद्यावर तो कित्येक पटींनी मोठा होऊन अख्खे चित्र नाचू लागते. शिवाय हँडल हाताने फिरवायचे, म्हणजे हाताची गती एकसारखी हवी. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला, तरी स्थैर्याचा प्रश्न त्याच्या पोटात शिल्लक राहतोच, आणि तो दातेरी चाकांच्या मेळावरच सुटतो. गिंबल हा त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे. थरथर आतून आली काय नि बाहेरून आली काय, पाहणाऱ्याच्या डोळ्याला त्रास सारखाच.

कोल्हापूरचे काम म्हणजे अनुकरण होते, असा आक्षेप कुणी घेईल. तत्त्व उसने होते, हे खरेच. पण गिंबलचे तत्त्व तरी कुणाच्या मालकीचे आहे? एकात एक फिरणाऱ्या कड्यांमध्ये दौत टांगण्याची युक्ती बायझंटियमच्या फिलोच्या नावावर सांगितली जाते. सोळाव्या शतकात कार्दानोने तिचे वर्णन केले आणि तिला त्याचे नाव पडले. जहाजाचे होकायंत्र शतकानुशतके तिच्याच आधाराने समतल राहिले. गॅरेट ब्राउनने १९७०च्या दशकात घडवलेल्या स्टेडिकॅम या कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या साधनाच्या मुळाशीही अशीच टांगणी आणि वजनाची वाटणी आहे. पुढे मोबाइलमुळे सेन्सर स्वस्त झाले आणि २०१३ च्या आसपास मोटरीवरचे गिंबल हातात आले. तत्त्व देशोदेशी फिरते. मेळ मात्र प्रत्येक कारागिराला नव्याने जमवावा लागतो. मोटरी बंद ठेवून कॅमेरा कुठल्याही कोनात सोडावा आणि तो तिथेच राहावा, ही घरच्या गिंबलची पहिली परीक्षा. वजनाचा मध्य तिन्ही अक्षांवर आला नसेल, तर मोटरींची सारी शक्ती कॅमेरा तोलण्यातच जाते, त्या तापतात आणि उरलेली थरथर तशीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तयार गिंबल बाजारात मिळते, मोबाइलमध्ये सॉफ्टवेअरही आहे, मग हा खटाटोप कशाला? सॉफ्टवेअर चित्राच्या कडा कापून थरथर झाकते. हलल्यामुळे फिसकटलेला तपशील त्याला परत आणता येत नाही. तयार गिंबल चांगले असते, पण ते ठरावीक वजनापुरतेच. वेगळे भिंग लावले की तोल पुन्हा साधावा लागतो, आणि तो का ढळला हे घडवणाऱ्यालाच चटकन कळते. कोल्हापुरातही बाहेरून कॅमेरा आणणे अशक्य नव्हते. स्वतः घडवल्यामुळे मात्र यंत्र जाणणारी माणसे तयार झाली: बाबूरावांच्या चित्रपट कंपनीतले दामले आणि त्यांचे सहकारी फत्तेलाल १९२९ साली ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीच्या संस्थापकांत होते. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून कॅमेरास्तंभ उभा आहे.