पट मांडण्यापूर्वी

बैठ्या खेळांच्या अभ्यासाला कारखाना लागत नाही. आपल्याकडे पट बहुधा घरीच आखला गेला. अष्टाचंगाची पंचवीस घरे खडूने नाहीतर कोळशाने काढायची, बांगडीच्या काचांच्या सोंगट्या करायच्या आणि कवड्या नसतील तर चिंचोके फोडायचे. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात अशा खेळांना शास्त्राचा मान दिला. पुढे १९२०च्या दशकात कलकत्त्याचे भूविज्ञानाचे प्राध्यापक हेमचंद्र दासगुप्त यांनी निरनिराळ्या प्रांतांतल्या बैठ्या खेळांच्या नोंदी छापल्या. या दोघांचे ऋण फार मोठे आहे.

नियम कसा घडतो, हे चिंचोक्यांतच पाहावे. चार फोडी टाकल्या की सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांत दोनाचे दान सहा प्रकारे, एक आणि तीन प्रत्येकी चार प्रकारे, तर चंग (चार) आणि अष्टा (आठ) एकेकाच प्रकारे. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून दोन घरांवरची जागा सर्वांत धोक्याची. सुरक्षित घराची फुली कुठे काढायची, हे इथे ठरते. अर्थात फोड दोन्ही अंगांवर सारखीच पडेल असे नाही. ती पुन्हापुन्हा टाकून दाने लिहून ठेवावीत. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण माझ्या मते अभ्यास तिथूनच सुरू होतो.

स्वतःचा खेळ रचायचा तर विषयासाठी गोंदियाकरांना लांब जायला नको. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. या भागातले कितीतरी मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्याच हातचे. त्यांचाच पट करावा: मधोमध तलाव, त्यातून निघणारे पाट, पाटांवर धानाच्या बांध्या, आणि रोवणीच्या वेळी दानाप्रमाणे पाऊस. वरच्या बांधीवाल्याने पाणी अडवले तर खालच्याची रोवणी राहते. पण पाळ फुटली तर दोघेही बुडतात. मग पाळ दुरुस्तीला आपल्या वाटणीचे पाणी कोण सोडणार? मला हा प्रश्न कोणत्याही छापील खेळापेक्षा मोलाचा वाटतो.

पहिला पट जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने आखावा. घरच्यांना खेळायला बसवावे आणि स्वतः गप्प राहावे. ते जिथे अडतील, तिथला एकच नियम बदलून डाव पुन्हा मांडावा.