गारगोटी : घड्याळापासून ओट्यापर्यंत

नदीपात्रात वा शेताच्या बांधावर सहज सापडणारी पांढरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ हे खनिज होय. रासायनिकदृष्ट्या ते सिलिकॉन डायऑक्साइड. मोहच्या काठिण्य श्रेणीत त्याचा क्रमांक सातवा असून चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल वगळता बहुतेक आम्लांनाही ते दाद देत नाही. त्यामुळे खडक झिजून इतर खनिजांची माती झाली, तरी गारगोटी वाळूच्या रूपाने शिल्लक उरते.

सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ मुळात जवळपास नसतेच. खडकाच्या पोकळ्यांत ते मागाहून साचते आणि अकीक त्याचाच एक प्रकार. सिलिका वाळूसाठी मात्र सिंधुदुर्गातील कासार्डे परिसराकडे वळावे लागते. अशा वाळूत सोडा व चुनखडी मिसळून वितळवली की काच तयार होते. फाउंड्रीत ओतकामाचे साचेही याच वाळूचे. विद्युतभट्टीत कोळशाच्या साहाय्याने क्वार्ट्झमधील प्राणवायू काढून टाकला की सिलिकॉन मिळते, त्यापासून पुढे संगणकाची चिप आणि सौरपट्ट्या बनतात.

क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिल्यास त्यात विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर व जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. उलट, विद्युतदाब दिल्यास स्फटिक कंप पावतो. मनगटी घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावेल असा कापलेला असतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो. सेकंदकाट्याला तेवढेच हवे असते! असे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेइको कंपनीने १९६९ मध्ये विक्रीस आणले.

या बहुगुणी खनिजाची धूळ मात्र घातक आहे. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण फुप्फुसात रुतून बसतात आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढवतो. खंभातचे अकीक कारागीर आणि खडीक्रशरवरील मजूर यांना तो गाठतो. स्फटिकी सिलिकाच्या धुळीमुळे कर्करोग होतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. आता शहरी स्वयंपाकघरांत क्वार्ट्झचे कृत्रिम ओटे आले आहेत. त्यांत सिलिकाचे प्रमाण नव्वद टक्क्यांवरही असू शकते. ऑस्ट्रेलियाने कामगारांच्या आरोग्यासाठी जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना अपाय नाही. धोका आहे तो कटर चालवणाऱ्याला. पाण्याची धार सोडून कापल्यास धूळ बरीच कमी उडते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण अडत नाहीत.