फुलपाखरांचें हिवाळी घर आणि नकाशाचें माप

ताडोबाचें तळें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांच्या मनांत त्याचा विस्तार ठसलेला असतो. हें तळें सुमारें १२० हेक्टरांचें. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतील कोट्यवधि मोनार्क फुलपाखरें १९९६-९७ च्या हिवाळ्यांत मेक्सिकोच्या डोंगरांत एकत्र झालीं, तेव्हां त्यांनीं व्यापलेलें रान भरलें अवघें १८.१९ हेक्टर; म्हणजे त्या तळ्याच्या षष्ठांशाहूनहि कमी! आणि आजवरच्या मोजणींतील हा उच्चांक आहे.

एवढीशी जागा सांपडली ती नकाशाच्या आधारानें. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनीं अनेक वर्षें फुलपाखरांच्या पंखांवर कागदी चिठ्ठ्या लावविल्या. चिठ्ठीचें फुलपाखरूं जेथें सांपडे तेथपर्यंत नकाशावर रेघ ओढली जाई. रेघा टेक्सासवरून मेक्सिकोकडे वळत. पुढें मात्र नकाशा मुका. जानेवारी १९७५ मध्यें केनेथ ब्रगर व कातालिना आग्वादो यांना सुमारें ३,००० मीटर उंचीवर, फरच्या झाडांना लगडलेलीं तीं फुलपाखरें दिसलीं. पायथ्याच्या शेतकऱ्यांना तीं पूर्वीपासून ठाऊक होतीं. तीं येतात कोठून, एवढेंच काय तें ठाऊक नव्हतें. पुढच्या वर्षीं अर्कहार्ट स्वतः तेथें गेले असतां मिनेसोटांत चिठ्ठी लावलेलें एक फुलपाखरूं त्यांच्या हातीं आलें.

मेक्सिको सरकारनें १९८६ मध्यें या रानाचे पांच सुटे तुकडे, मिळून १६,११० हेक्टर, राखून ठेवले. त्याच वर्षीं अंधारी अभयारण्य स्थापन झालें. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान १९५५ चें. पुढें १९९५ मध्यें हीं दोन्ही मिळून सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २००० सालीं मेक्सिकोचें राखीव क्षेत्र ५६,२५९ हेक्टरांवर, म्हणजे सुमारें ५६३ चौरस किलोमीटरांवर गेलें. नकाशावर दोन्ही रानें जवळजवळ सारखींच दिसतात. हें साम्य मात्र फसवें आहे. ताडोबाचा तरुण वाघ ब्रह्मपुरीकडे, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या रानांत जाऊं शकतो. चंद्रपूर-गडचिरोली मिळून २५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख त्याच्यापुढें पसरलेला आहे. फुलपाखरांस हिवाळ्यांत तसें दुसरें घर जवळ नाहीं. फरच्या दाट फांद्या हेंच त्यांचें पांघरूण. तें विरळ झालें कीं पाऊस व गारठा आंत शिरतो. जानेवारी २००२ च्या वादळांत कोट्यवधि फुलपाखरें मेलीं.

२०१३-१४ च्या हिवाळ्यांत त्यांनीं व्यापलेली जागा ०.६७ हेक्टर भरली. वरोरा-चिमूरकडील एखाद्या लहान शेतकऱ्याचें पावणेदोन एकरांचें वावरहि याहून मोठें. एका इंचास एक मैल या मापाच्या नकाशावर ती काढावयाची झाल्यास राजगिऱ्याच्या दाण्याएवढा ठिपका पुरे; भिंतीवर टांगतात त्या खंडाच्या नकाशावर तेवढाहि उमटावयाचा नाहीं.